काजळी धरलेली प्लेट

नसरीन, तुझी प्लेट अजून होती तशीच आहे. चौकटीत ताणून बसवलेली, एक बाजू चकचकीत, दुसरी काळी, आणि काळ्या बाजूच्या कोपऱ्यात तुझ्या अंगठ्याचा ठसा. कॉलेजच्या मागच्या टिनाच्या शेडची किल्ली मी पर्समध्ये घेऊन फिरते. शिपायानं झाडायला मागितली, तर दिली नाही. "म्याडम, जाळे धरले तथी," म्हणाला. धरू दे म्हटलं. सध्या माझ्या तोंडी कोणी लागत नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात तू माझ्याशी शेवटचं बोललीस ते या प्लेटबद्दल. माणसं आईबद्दल बोलतात, देवाचं नाव घेतात. तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास आणि म्हणालीस, "मिने, प्लेटले कोणाले हात लावू देऊ नको. मी आली का मंग नळी सरकवून पाहू. तुह्यी खोड मोडायची हाय मले." मी म्हटलं, "गप बस, मास्क लाव." हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं का माझ्याजवळ? होतं. पण नर्स बघत होती, तुझ्या अम्मी दारात उभ्या होत्या, आणि मला वाटलं, ही तर येणारच आहे परत.

साधा ताप होता. अंगावर काढलास. कॉलेजात परीक्षा होत्या, आणि त्याच आठवड्यात तुझा प्रबंध परीक्षकाकडून परत आला होता. एकच हरकत होती, पण नेमकी तुझ्या जिवाच्या जागेवर. तू तो कागद माझ्यापुढे आपटलास. "याले म्हणा, मंगरूळले ये अन् डोळ्यानं पाह्य." कपाळाला हात लावला तर चटका बसला मला. तू हात झटकलास. मग वाशिम, मग अकोला, आणि मग ॲम्ब्युलन्स तुला घेऊन परत मंगरूळपीरला आली तेव्हा तिचा भोंगा बंद होता.

तुझ्या घरी बायांच्यात मी बसले होते. आमच्यातही बाया मागंच राहतात, त्यामुळे त्याचं मला नवल वाटलं नाही. पण तुला न्यायला लागले तेव्हा मी उठून दारापर्यंत गेले आणि गल्लीच्या वळणापर्यंत पाहत राहिले. तुझी कबर मी पाहिलेली नाही. कुठल्या झाडाखाली आहे हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. अम्मी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुला त्यांनीच आंघोळ घातली होती. माझा हात धरून म्हणाल्या, "नखातलं काळं निघालंच नाई बेटा. लय घासलं मी." ते काळं कशाचं, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं.

तुझ्या कामाबद्दल लोक विचारायचे तेव्हा अम्मी एका वाक्यात सांगायच्या, "माह्यी पोरगी टिनावर गरम हवा फुकते, त्याची डिगरी भेटते तिले." तू चिडायचीस. मला वाटतं, इतकं सोपं करून तर आपल्या गाइड सरांनाही कधी सांगता आलं नाही. नळीतून तापलेल्या हवेचा झोत सोडायचा, तो पातळ पत्र्यावर आदळू द्यायचा, आणि पत्र्याच्या दुसऱ्या बाजूनं थर्मल कॅमेऱ्यात बघायचं की कुठं किती ऊब पोचली. मधोमध, जिथं झोत आदळतो तिथं सगळ्यात जास्त, आणि मग बाहेरबाहेर कमी होत जायची. यातून हळद वाळवायचं यंत्र काढायचं तुझ्या डोक्यात होतं. सारखी हवा, सारखी ऊब, हळद कुठं करपणार नाही, कुठं ओली राहणार नाही. मी म्हणायचे, आमच्या कामरगावला अंगणात ऊन पडते तेवढं पुरते वं. तू म्हणायचीस, "ढग आले म्हंजे?"

मेकॅनिकलला शिकवणाऱ्या आपण दोघीच बाया. म्हणून गॅदरिंग आलं की रांगोळी आपल्याकडे, पाहुणे आले की हार-तुरे आपल्याकडे. एकदा तू प्राचार्यांना तोंडावर सांगितलंस, "सर, मले पत्रा कापता येते, रांगोळी नाई येत." त्यानंतर रांगोळी एकट्या माझ्याकडे आली. याबद्दल मी तुला कधी माफ केलं नव्हतं, आता करून टाकते.

ते शेडमधलं बसणं आठवतं का? टिन तापलं की सगळे आकडे बिघडतात, म्हणून भल्या सकाळी यायचं. मी कामरगावहून पहिली एसटी धरायची, तू स्कुटीवर. दार लावायचं, पंखा बंद, आणि मग पत्रा एका तापमानाला येऊन टिकेपर्यंत हलायचं नाही. तू मला श्वाससुद्धा तोंड फिरवून घ्यायला लावायचीस. एकदा मी पदरानं वारा घेतला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. बाहेर कॉम्प्रेसर धडधडत असायचा, त्यामुळे बोलायचं तर ओरडूनच. म्हणून आपण एक तर गप्प असायचो, नाही तर ओरडत असायचो. सगळ्या कॉलेजला वाटायचं, या दोघींचं काही पटत नाही.

आणि पटत नव्हतंच. त्या टेकडीवरून पटत नव्हतं.

तुझ्या आलेखात ऊब मधून बाहेर उतरत जायची, आणि थोड्या अंतरावर पुन्हा जराशी चढून मग उतरायची. ती छोटी चढण. तू तिला टेकडी म्हणायचीस. नळी पत्र्याच्या अगदी जवळ असली तर अशी टेकडी येते, हे पुस्तकात आहे. पण तुझी नळी दूर होती. इतक्या दुरून कोणाच्याच प्रयोगात ती आलेली नव्हती. पहिल्यांदा दिसली त्या दिवशी तू कॉम्प्रेसर बंद केलास आणि तरीही ओरडूनच बोललीस, "मिने, हे कोणाले दिसली नाई. मले दिसली." तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी नंतर कधी पाहिलं नाही. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण तू त्या टेकडीवर उभं केलंस.

मला शंका आली ती काजळीमुळे. कॅमेऱ्याला पत्रा नीट दिसावा म्हणून त्याची मागची बाजू काळी करावी लागते. आधी तू साधा काळा रंग दिला होतास, तो उष्णतेनं फुगून सुटला. मग तू घरी गेलीस आणि अम्मींचा दिवा घेऊन आलीस.

तो दिवा मी तुझ्या घरी पाहिला होता. गल्लीत कोणाच्याही घरी, हिंदूंच्या असो की मुसलमानांच्या, मूल जन्मलं की काजळ अम्मींकडूनच जायचं. एरंडेलाचा दिवा, वर पितळी थाळी उपडी धरायची, फडक्यानं कड पकडून. थाळी एका जागी तापू नये म्हणून फिरवत राहायची. आधी मधोमध काजळी धरू द्यायची, मग गोल बाहेर काढायची. तू लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून हेच करत आलेली. एकदा माझ्याही हातात थाळी दिली होती त्यांनी. मी ती एका जागी धरून बसले आणि बोटं भाजून घेतली. "शिकलेल्या पोरी," म्हणाल्या, आणि बोटांना तूप लावलं.

तीच रीत तू पत्र्याला लावलीस. दिवा खालून फिरवलास, आधी मधोमध, मग गोल. लेप सुरेख बसला, रंगापेक्षा पातळ, उष्णतेला टिकणारा. पोरांची प्रात्यक्षिकं घ्यायला आलेल्या बाहेरच्या परीक्षकानं सुद्धा कौतुक केलं होतं त्याचं. पण मी म्हटलं, "नसरीन, हा लेप सगळीकडं सारखा हाय काय? पातळ जागी कॅमेरा कमी दाखवीन, जाड जागी पुरा दाखवीन. तुह्यी टेकडी झोताची हाय का काजळीची, हे कसं समजन?"

"मी दरवेळी नवी काजळी धरतो," तू म्हणालीस, "अन् टेकडी दरवेळी तथीच येते. चुकीची असती तर हलली नसती काय?"

"मंग नळी सरकव. दोन बोटं सरकव. झोताची असन तर टेकडी झोताच्या संगं जाईन. काजळीची असन तर जागीच राहीन."

"काहून सरकवू? तुले इश्वास नाई म्हून?"

"हो, नाई."

त्यानंतर तू माझ्याशी बोलत नव्हतीस. मी डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा आणला तर तू तो घेतलास, खाल्लास, डबा धुऊन परत दिलास, आणि एक शब्द बोलली नाहीस. मग एक दिवस आपोआप बोलायला लागलीस, नळीचा विषय सोडून. पुढं मी कितीदा म्हटलं, सरकव. तू कितीदा म्हणालीस, सरकवू न बाप्पा, पळून चालली काय ते. असं करता करता प्रबंध गेला, परत आला, आणि परीक्षकानं नेमकं तेच विचारलं जे मी विचारत होते. टेकडी पत्र्याच्या लेपाची नाही हे दाखवा.

तू त्या कागदावर चिडली होतीस की माझ्यावर, हे मला कळलंच नाही.

आता सरांचं ऐक. तुझ्या माझ्या दोघींच्या सरांनी विद्यापीठात जाऊन परवानगी आणली आहे. हरकतीला उत्तर गेलं की तुझ्या नावानं पदवी मिळू शकते. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "मीना, दोन परिच्छेद गोलमोल लिहून देऊ. गेलेल्या पोरीच्या प्रबंधावर कोण अडून बसणार आहे?" मी विचारलं, सर, नळी सरकवून बघू का? ते म्हणाले, "बघ. पण टेकडी खोटी निघाली तर एक प्रकरण जाईल. उरलेल्यावर पदवी देतील की नाही, मी सांगू शकत नाही. तिच्या आईला काय सांगशील ते तूच ठरव."

तुझ्या आईला मी काय सांगणार? गेल्या शुक्रवारी मी गेले होते. दारात बसून तांदूळ निवडत होत्या. तू गेल्यापासून घरात एकट्या. अब्बा तर आधीच गेलेले, त्यांचं भांड्यांचं दुकानही कधीच बंद झालेलं. मला बघितल्यावर पहिला प्रश्न हाच केला, "आता तिले डाक्टर म्हणतीन न, बेटा?" मी म्हटलं, काम सुरू आहे अम्मी. त्या म्हणाल्या, "दगडावर लिहून घेतो मंग. डाक्टर नसरीन."

इथपर्यंत लिहून मी कागद ठेवून दिले होते. वाटलं होतं, तुझ्याशी बोलून घेतलं की काय करायचं ते सुचेल. कसलं सुचतं. तू जिवंत असतानाही माझं ऐकून कधी काही ठरवलं नाहीस, आणि मी तुझं ऐकून नाही.

आता पुढचं ऐक.

चार दिवसांपूर्वी सकाळी पहिल्या एसटीनं आले. शेड उघडलं. खरंच जाळी धरली होती, तुझ्या स्टुलाच्या पायांना सुद्धा. तुझी ओढणी खिळ्याला होती, ती खांद्यावर टाकली आणि मग काढून ठेवली, कारण हलते. कॉम्प्रेसर सुरू केला, हीटर लावला, दार लावलं, पंखा बंद. आणि बसले. एकटी. तुझ्या स्टुलाकडं बघायचं नाही असं ठरवून बसले आणि सगळा वेळ तिकडंच बघत राहिले. बाहेर तीच धडधड. ओरडायला कोणी नव्हतं.

पत्रा स्थिर झाला. नळी जुन्या जागी होती, टेकडीही जुन्या जागी आली. लॅपटॉपवर ती चढण दिसली तेव्हा मला इतका आनंद झाला, सांगू? मी मोठ्यानं म्हटलं, "हाय वं, हाय." मग नळी दोन बोटं सरकवली आणि पुन्हा बसले.

नसरीन, मी देव वगैरे फारसं मानत नाही हे तुला माहीत आहे. पण त्या वेळी मी ज्याला त्याला म्हणत होते, तुझ्या अल्लाला, माझ्या घरच्या देवांना, मंगरूळच्या दर्ग्याला, की माझं चुकू दे. एवढ्या वर्षांच्या भांडणात मला एकदा हरू दे. सरकू दे ती.

मधली ऊब नळीबरोबर दोन बोटं सरकली. टेकडी सरकली नाही. होती तिथंच राहिली.

मी दुसऱ्या बाजूला सरकवून पाहिलं. तेच. मग कॉम्प्रेसर बंद केला, दार उघडलं, आणि प्लेट उन्हाकडं धरून तिरपी पाहिली. कधी पाहायला हवं होतं तसं पाहिलं. तेव्हा दिसलं. मधोमध दाट काळा गोल, त्याच्याबाहेर जरा विरळ, मग पुन्हा दाट कडं. आधी मधोमध, मग गोल बाहेर. दरवेळी तू नवी काजळी धरलीस आणि दरवेळी तुझा हात तसाच फिरला, अम्मींच्या शेजारी बसून शिकलेला. म्हणून टेकडी दरवेळी तिथंच यायची. कोणाला दिसली नव्हती हे तू खरं म्हणत होतीस. असा हात फिरवणारं जगात दुसरं कोणी या प्रयोगाला बसलंच नसेल.

ती टेकडी म्हणजे तुझा हात होता. मला रडू आलं. मी शेडच्या दारात बसून रडले आणि शिपाई आला तेव्हा त्याला म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. तो म्हणाला, "मी कवाचा म्हणून राह्यलो, झाडू द्या म्हून."

दुपारी सरांना फोन केला. ते म्हणाले, "मग? गोलमोल लिहू या का?" मी नाही म्हटलं. का म्हटलं, ते मला नीट सांगता येत नाही. तू आकडा बदलणाऱ्यांना काय शिव्या द्यायचीस ते मी ऐकलेलं आहे. पोरांनी प्रात्यक्षिकाचे आकडे दुसऱ्याच्या वहीतून उतरवले तर तू वही खिडकीतून बाहेर फेकायचीस. त्या बाईच्या नावावर एक खोटी गोष्ट, जी तिला खोटी आहे हे ठाऊकही नव्हतं, आता मला ठाऊक असूनही ठेवायची? तू खोटं बोलली नव्हतीस. तू चुकली होतीस. मी गप्प बसले असते तर मात्र ते खोटं झालं असतं, आणि तुझ्या नावावर झालं असतं.

पण टेकडी काढायची तर तिच्या जागी खरे आकडे पाहिजेत. आणि खरे आकडे घ्यायला तोच पत्रा, तीच चौकट, दुसरा लेप. दुसरा पत्रा नाही, विद्यापीठानं दिलेल्या मुदतीत तो मागवायला वेळ नाही. म्हणजे काजळी पुसायला हवी.

तू म्हणाली होतीस, कोणाले हात लावू देऊ नको.

दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या ऑटो पार्टच्या दुकानातून मोटरसायकलच्या सायलेंसरला मारतात तो काळा स्प्रे आणला. तो उष्णतेनं सुटत नाही. हे तुला तेव्हा का सुचलं नाही, मला तरी का सुचलं नाही, कोणास ठाऊक. शेडमध्ये प्लेट मांडीवर घेऊन बसले. मऊ फडकं घेतलं. मधोमधून सुरुवात केली आणि लक्षात आलं, मीसुद्धा मधून गोल बाहेर पुसत आहे. पत्रा आतून चमकायला लागला. कोपऱ्यातला अंगठा मी सगळ्यात शेवटी ठेवला. तो कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर आहे का ते पाहिलं. बाहेर नव्हता. थोडासा आत येत होता. मी फडकं ठेवलं आणि माझा अंगठा त्यावर टेकवला. तुझा ठसा माझ्या अंगठ्यावर आला, उलटा, जरासा. मग पुसला.

नवे आकडे घेतले. ऊब मधून बाहेर उतरत जाते, सरळ, कुठं चढ नाही. पुस्तकात आहे तशी. कोणालाही दिसेल अशी.

संध्याकाळी बोटं काळी घेऊनच अम्मींकडं गेले, धुवायचं भानच नव्हतं. त्यांनी माझे हात पाहिले आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात स्टीलची डबी होती. "तू गेल्या टायमाले म्हणाली न, काम सुरू हाय. मंग मी धरून ठेवली काजळी. तूप नाई घातलं. तिच्या टिनाले कोरडीच लागे." डबी अजून कोमट होती. मी विचारलं, अम्मी, या वयात दिव्यापुढं कशाला बसता? त्या म्हणाल्या, "तिच्या डिगरीत माह्यं एवढंच तं हाय."

चूक या काजळीचीच होती, हे मी त्यांना सांगणार नाही. तू सांगितलं असतंस का? तूही नसतं सांगितलंस. मी म्हटलं, "लय कामी आली अम्मी तुमची काजळी." त्या हसल्या. तू गेल्यावर पहिल्यांदा हसल्या. डबी माझ्या टेबलावर आहे आता, आणि मी काजळ लावत नाही हे तुला माहीत आहे.

प्रबंध मी दुरुस्त केला आहे. ते प्रकरण लहान झालं, फार लहान. पदवी मिळेल की नाही, सरांनाही सांगता येत नाही. दगडावर 'डॉक्टर' लिहिलं जाईल की नुसतं नसरीन, ते विद्यापीठातली माणसं ठरवतील, ज्यांनी ना तुला पाहिलं ना अम्मींना. माझ्यामुळे गेली तर गेली. हे मला जन्मभर टोचणार आहे आणि तरीही मी हेच केलं असतं.

एकच गोष्ट राहिली आहे. प्रबंध तुझा आहे, तुझ्या नावानं, तुझ्या 'मी'नं लिहिलेला. म्हणून दुरुस्तीसुद्धा तुझ्याच तोंडून लिहावी लागली. मी लिहिलं आहे: 'आधी नोंदवलेला दुसरा उंचवटा लेप असमान असल्यामुळे दिसला होता. माझा तो निष्कर्ष चुकीचा होता.' लिहिताना हात थांबला. उभ्या आयुष्यात तू 'माझं चुकलं' म्हणाली नाहीस. रांगोळीच्या वेळी नाही, डब्याच्या अबोल्यात नाही, दवाखान्यात मास्क काढून सुद्धा नाही. आणि ते वाक्य तुझ्या तोंडी मी घातलं आहे, तुला न विचारता, तुझी प्लेट पुसून.

उद्या हे पाठवायचं आहे. एकदा ये नं वं. भांड माझ्याशी, ओरड, खोडून टाक ते वाक्य.